अकरा पावलं

३ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार या वेळी मनातल्या मनात समजून घे. गुडघे इतके सोलले आहेत की जमिनीला टेकवायची सोय नाही.

सुट्टीत लोळणाऱ्याचं डोकं आंबतं, असं तू गेल्या उन्हाळ्यात मला चारचौघांत ऐकवलं होतंस. म्हणून कळवते की तुझी भाची सोमवारपासून गावाच्या देखभाल खात्यात कामाला लागली आहे. सोळा पूर्ण झालेल्यांना सहा आठवडे घेतात. आई त्याच कार्यालयात टंकलेखनाला, त्यामुळे माझा अर्ज तिनेच टाईप केला. करताना दहादा विचारलं की उन्हात टिकशील ना. टिकले. नाकाचं साल मात्र गेलं.

आमची टोळी तिघांची. मुकादम अप्पा, फिटर लांबू आणि मी. लांबू एवढा उंच आहे की खड्ड्यात उतरला तरी त्याची टोपी रस्त्यावरून दिसते. अप्पांना निवृत्त व्हायला दोन महिने उरलेत. तेहतीस वर्षं ते या गावच्या जमिनीखालचं पाणी सांभाळतायत. खांद्यावर पहार टाकून चालतात, मध्येच थांबतात, पहारीचं एक टोक रस्त्याला टेकवून दुसरं कानाला लावतात. खाली कुठे गळत असेल तर त्यांना ऐकू येतं. मीही लावून पाहिलं. मला माझंच काळीज ऐकू आलं. लांबू म्हणाला, पहिल्या वर्षी सगळ्यांना तेच ऐकू येतं.

रस्त्याखाली ठिकठिकाणी व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे पाणी बंद करायच्या मोठ्या चाव्या. असे त्रेचाळीस. बऱ्याच जणांची झाकणं डांबराखाली गडप झाली आहेत. आमचे इंजिनियर साहेब दरवर्षी त्यांचा नकाशा मागतात आणि अप्पा दरवर्षी पुढच्या महिन्यात देतो म्हणतात. नकाशा इथे आहे, असं म्हणून ते कपाळावर बोट आपटतात. लांबू हे सांगताना हसत होता, पण त्याला अभिमानही वाटत होता.

मी सध्या कठड्यांचा गंज खरवडते, मग तांबड्या रंगाचा हात, मग हिरव्याचा. एक गंमत लक्षात आली. खात्याचं पिवळं जाकीट घातलं की माणूस दिसेनासा होतो. काल शेजारच्या काकू माझ्या डब्यावरून पाय टाकून गेल्या. मी हाक मारली तर दचकल्या, म्हणाल्या, अगं तू होय, मला वाटलं कोणीतरी काम करतंय.

तुझा नियम पाळते आहे. फोन नाही, पत्रच. लोभ आहेच, तो वाढवण्यापेक्षा पत्र वाढव, मागचं दीडच पानाचं होतं.

तुझी,
भिंगरी

७ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा उभ्यानेच. मला वाटलं कोणीतरी काम करतंय! तुझ्या त्या काकूंनी एका वाक्यात जगाचा कारभार सांगून टाकला. अगं, नळाचं उद्घाटन करणाऱ्याचं नाव दगडात कोरतात, आणि तोच नळ तीस वर्षं चालू ठेवणाऱ्याचं नाव त्याच्या गल्लीलाही ठाऊक नसतं. पाणी येतं तोवर ते देवाचं, आणि थांबलं की मुकादमाचं! मी चाळीस वर्षं सभांतून हेच ओरडत आलो. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात, नळ सोडतात आणि हात धुतात. तू निदान ब्रश धरलास. माझ्या चाळीस वर्षांवर तुझा एक आठवडा भारी आहे.

पण एक सांगतो, ते ध्यानात ठेव. कठडे रंगवून थांबू नकोस. यादीत नसलेलं, पण दिसणारं काम असतं ना, तेच खरं काम. सांगितलं तेवढं करतो तो ताबेदार, न सांगता करतो तो नागरिक! आणि करशील ते मुळापासून कर. घाण न काढता वरून फासलेला रंग म्हणजे निवडणुकीच्या आदल्या दिवशीचा रस्ता. घासायचं तर असं घास की खालचा डाग पुन्हा डोकं वर काढता कामा नये.

पायात चप्पल घालून काम करत असशील तर ताबडतोब बूट घे. हे मामा म्हणून सांगतो, वरचं वक्ता म्हणून.

अधिक काय लिहिणे? अधिकच लिहिलं आहे.

तुझा,
मामा

१२ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं वाक्य मी जाकिटाच्या आत पेनाने लिहून ठेवलंय. न सांगता करतो तो नागरिक. आणि नुसतं लिहिलं नाही, करून दाखवलं!

शाळेच्या कुंपणाची ती लांब भिंत आठवते? रस्त्याच्या कडेची, शिंप्याच्या दुकानासमोरची. आमच्या यादीत तिथला फक्त कठडा होता. कठडा दीड दिवसात संपला. अप्पा आणि लांबू गावाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हना ग्रीस लावायला गेले होते, आणि मी रिकामी बसून होते. तुला माहीत आहे, मला रिकामं बसवणं म्हणजे मुंग्यांच्या वारुळावर बसवणं. शाळेपुढचा कठडा हिरवा नाही, फिकट पिवळा; त्यातला रंग डब्यात उरला होता. भिंतीकडे पाहिलं तर नुसते डाग. खांबाखांबावर खाली डांबराचे काळे ठिपके, कुठे दोन, कुठे पाच, एका खांबावर तर चांगली ओळच, आणि शेजारी वेडावाकडा त्रिकोण, त्याला शेपूट. कुणा कार्ट्याचे उद्योग. मी आधी नुसता रंग मारला, पण डांबर दुसऱ्या दिवशी पिवळ्यातून वर आलं. मग तुझी आठवण झाली. तारेचा ब्रश घेतला, चिंध्या रॉकेलमध्ये बुडवल्या आणि एकेक ठिपका मुळापासून घासला. बोटांची सालं गेली. दोन दुपारी लागल्या. वर रंगाचे दोन हात.

आता ती भिंत बघायला ये तू. शिंपीकाका म्हणाले, डोळे निवले. अप्पांना अजून दाखवली नाही. त्यांना त्या बाजूला यायला गुरुवार उजाडेल.

पाठीचा काटा ढिला झाला आहे, पण रात्री अंथरुणावर पडते तेव्हा वाटतं, आपण गावाच्या एका तुकड्याला हात लावला. उत्तर लगेच पाठव. कौतुक भरपूर घाल, काटकसर नको.

तुझी,
नागरिक भिंगरी

१६ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वा! काल इथल्या वाचनालयात बोलायचं होतं. विषय दुसराच होता, पण मी तुझी भिंत त्यात घुसवली. सोळा वर्षांची मुलगी, हातात रॉकेलची चिंधी, आणि अडाण्यांनी चितारलेली भिंत! टाळ्या थांबेनात. एक निवृत्त पोस्टमास्तर डोळे पुसत होते.

तुझ्या अप्पांना माझा नमस्कार सांग. ती भिंत बघून ते काय म्हणतात ते शब्दशः कळव. मला पुढच्या सभेला हवं आहे.

आशीर्वाद आहेतच, आज जरा जास्त वजनाचे पाठवतो.

तुझा,
मामा

१८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं भाचीच्या नावचं पाकीट आत्ताच आलं. ती उचलून घेत नाही म्हणून टेबलावरच आहे. तेव्हा हे पत्र मी लिहिते.

गुरुवारी सकाळी शाळेपुढची पाण्याची मोठी वाहिनी फुटली. शिंप्याच्या दुकानात गुडघाभर पाणी. कापड तरंगत बाहेर आलं. अप्पा पाच मिनिटांत पोचले, पण तिथला व्हॉल्व्ह सापडेना. एका जागी खणलं, मग दुसऱ्या जागी. पाच तास पाणी वाहिलं. शेवटी टाकीपासूनच सगळं बंद केलं आणि अर्धं गाव दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोरडं राहिलं. माणसांना इजा नाही, हे नशीब. पण लोक कार्यालयात येऊन नाही नाही ते बोलून गेले. ज्यांनी अप्पांना कधी ओ दिली नाही, त्यांना त्यांचं नाव बरोबर माहीत होतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा अप्पांनी एवढंच सांगितलं की जागा विसरलो, वय झालं. आता चौकशी आहे. अहवाल टाईप करायला माझ्याचकडे येणार. स्मरणशक्ती क्षीण झाल्याने कामास अपात्र, असं लिहून त्यांना उरलेले दिवस घरी बसवायचं घाटतंय. दादा, तो माणूस मला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची तारीख सांगतो, मला आठवत नाही ती!

आणि आपली भिंगरी थांबली आहे. हेच मला बघवत नाही. ती जेवायला बसते आणि ताटाकडे बघत राहते. मी विचारलं तर उठून नळ चालू आहे का बघून येते. दिवसातून वीस वेळा. काहीतरी झालंय. तुला लिहील, मला सांगणार नाही. लिहिलं तर तू तरी नीट वाच, आणि उत्तर देण्याआधी, कृपा करून, एकदा खाली बस.

तुझी,
धाकटी

१९ मे

ती. मामास,
शि. सा. न.

भिंतीवरचे ते डाग अप्पांचे होते.

कुणा कार्ट्याचे नव्हते. तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनी गावभर अशा खुणा केल्या. त्रिकोणाचं शेपूट ज्या दिशेला, त्या दिशेला चालायचं. ठिपके जितके, तितकी पावलं. पावलं अप्पांची स्वतःची. तिथे खाली व्हॉल्व्ह. मला हे लांबूने सांगितलं, वाहिनी फुटल्यावर, पाण्यात उभा असताना. खुणा आहेत एवढं त्याला ठाऊक होतं. कुठे किती ठिपके ते कधी मोजावंसं वाटलं नाही. मोजायला अप्पा होते ना.

अप्पा धावत आले आणि सरळ तिसऱ्या खांबापाशी गेले. हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले की भिंत छान झाली आहे. बस, एवढंच. रागाने नाही म्हणाले, हेच वाईट. तुला शब्दशः हवं होतं ना पुढच्या सभेला? हे घे.

मग खांबाला टाच लावून अकरा पावलं मोजली आणि लांबूला खणायला लावलं. काही नाही. पाणी वाढत होतं, लोक ओरडत होते. अप्पा परत भिंतीशी आले, परत हात फिरवला, आणि मग म्हणाले, नऊ असतील. नवावर खणलं. तिथेही नाही. मामा, त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसते तेव्हा माणूस जसा होतो ना, तसे झाले ते.

आणि आता सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. चहावाला दोनदा विचारतो, साखर नको ना, नको ना. लांबूसुद्धा काल हत्यारं मोजून पिशवीत भरत होता, त्यांच्या देखत. पूर्वी ते काम अप्पा करायचे. त्यांनी बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.

मी त्यांना गाठून म्हटलं की साहेबांना सांगते, पुसलं मीच. तेव्हा मात्र चिडले. म्हणाले, गप्प बस. खुणांचं नाव काढलंस तर साहेब पहिलं विचारतील की नकाशा का नाही दिला. विसरभोळा म्हातारा म्हणून घरी गेलो तर लोक कीव करतील. काम अडवून ठेवणारा म्हणून गेलो तर थुंकतील. कीव परवडली. टोळीलाही बजावलंय, भिंतीबद्दल ब्र काढायचा नाही. जाता जाता हळू म्हणाले, आणि खरंच विसरलो असेन तर? अकराच होते असं वाटतं गं. पण आता वाटण्याचा काय भरवसा.

मी बोलले तर त्यांची लबाडी उघडी पडते. गप्प राहिले तर सगळं गाव लक्षात ठेवणारा माणूस कागदावर विसरभोळा ठरतो, माझ्यामुळे. अहवाल पुढच्या आठवड्यात आहे. मला एका जागी बसवत नाही. सांग, काय करू? वाक्य नको. सांग.

भिंगरी

२३ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने खाली बसून लिही असं बजावलं आहे. बसलो. चार वेळा उठलो. ही पाचवी खेप.

तुझ्या हातात चिंधी होती, पण तिच्यातलं रॉकेल माझं होतं. मुळापासून घास, हे मी लिहिलं. यादीबाहेरचं कर, हे मी लिहिलं. कुणाला विचार, हे मात्र लिहायचं सुचलं नाही, कारण त्यावर टाळी पडत नाही. वर मी शंभर माणसांपुढे त्या खुणांना अडाण्यांची चितारणी म्हटलं. तेहतीस वर्षांचं एक पुस्तक तू पुसलंस आणि मी त्यावर भाषण ठोकलं! कामकरी माणसाचं कुणी बघत नाही म्हणून आयुष्यभर गरजलो, आणि त्याचं अक्षर समोर आलं तेव्हा मला ते डाग वाटलं. दोष तुझा नव्हे गं, माझा. तू तर अजून लहान आहेस.

मला विचारशील तर सत्याला भिणाऱ्याने... नाही. बघ, पुन्हा वाक्य आलं. खोडतो.

साधं लिहितो. अप्पांना दोनच वाटा दिसतात, कीव नाहीतर थुंकी. मला त्यांत एक खोट दिसते. ते विसरले, हे अजून कुणी तपासलेलंच नाही. त्यांनी स्वतःही नाही. घाबरलेल्या माणसाने स्वतःविरुद्ध दिलेला निकाल जगात सगळ्यात लवकर मान्य होतो. तो मान्य करू नकोस. नकाशा न देणं ही त्यांची चूक आहे, ती त्यांची म्हणूनच राहू दे, तिच्यावर रंग मारू नकोस. पण जी चूक त्यांची नाही ती त्यांच्या नावावर चढता कामा नये.

मी येऊन साहेबांपुढे उभा राहू का? माझ्या वाट्याचं मी बोलेन. थोडक्यात बोलेन, शपथ. गाडीचं वेळापत्रक काढून ठेवलं आहे.

हे पत्र तुला उशिरा मिळेल, या विचाराने खोलीत येरझारा घालतो आहे. फोन नाही हा नियम कुठल्या शहाण्याने केला कोण जाणे.

तुझा,
मामा

३० मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा संध्याकाळी आलं. त्या दिवशी सकाळीच मी बोलून मोकळी झाले होते. तरी बरं वाटलं. खोडलेलं वाक्य उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला. तू खरंच नीट खोडलंयस.

अहवालाचा कच्चा कागद आईकडे सोमवारी आला. आईने तो टाईप केलाच नाही. तीन दिवस गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला आणि साहेबांना सांगितलं की यंत्राची फीत अडकतेय. आईने! जिने बावीस वर्षांत एक कागद उशिरा दिला नाही. बुधवारी घरी येऊन मला म्हणाली की फीत गुरुवारपर्यंतच अडकू शकते, पुढे काय ते तू बघ. म्हणजे तिला कळलं होतं. मी तिला बसवून सगळं सांगितलं.

गुरुवारी साहेबांकडे गेले. हात पाठीमागे धरले. सांगितलं, भिंतीवर अप्पांच्या खुणा होत्या, त्या मी न विचारता पुसल्या, रॉकेलने. साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, कसल्या खुणा? मग अर्थातच पुढचा प्रश्न आला, नकाशा का नाही. अप्पांना बोलावलं. ते आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की या पोरीला तोंड आवरत नाही. मग साहेबांना म्हणाले, नकाशा दिला नाही कारण दिला असता तर तुम्हाला माझी गरज उरली नसती. असं सरळ! साहेब म्हणाले की ते ठीक, त्याची समज लेखी मिळेल, पण विसरण्याचा मुद्दा राहतोच. लक्षात असेल तर खुणांशिवाय दाखवा.

म्हणून काल सकाळी आठला आम्ही निघालो. साहेब, लांबू, मी आणि अप्पा. अप्पा रात्रभर झोपले नसावेत. दाढी अर्धीच केली होती. पहिला व्हॉल्व्ह पंपघराशी, कोपऱ्यापासून दोन पावलं. लांबूने पहार आपटली, पोकळ आवाज. डांबर उकरलं, झाकण. दुसरा तीन पावलांवर, मग चार, मग पाच. असे नऊ दाखवले. एकही चुकला नाही. साहेब प्रत्येक वेळी वहीत बरोबरची खूण करत होते. अप्पांची मान हळूहळू वर येत होती. सहाव्यानंतर त्यांनी लांबूला शिवीसुद्धा दिली, नेहमीसारखी. लांबू एवढा खूश झाला की विचारू नकोस.

मग शाळेची भिंत. तिसरा खांब. शिंपीकाका दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. अप्पांनी टाच लावली, अकरा पावलं मोजली, मोठ्याने. बरोबर जुन्या खड्ड्याच्या कडेला आले. लांबूने पहार मारली. भद्द. पुन्हा मारली, भद्द. डावीकडे, उजवीकडे. माती.

अप्पा कठड्याच्या पायरीवर बसले. तोच कठडा, मी रंगवलेला. आणि साहेबांना म्हणाले की तुमचा कागद बरोबर आहे, टाईप करून घ्या.

मामा, तेव्हा मला काहीतरी खुपायला लागलं. मी सकाळपासून लांबूच्या पहारीकडे बघत होते. दोन पावलांच्या जागी पहार पहिल्या फटक्यात वाजली होती. चार पावलांच्या जागी लांबूने ती वीतभर पुढे सरकवली तेव्हा वाजली. पाचाच्या जागी हातभर पुढे. नेहमी पुढेच. कधीच मागे नाही. जितकी पावलं जास्त, तितकं जास्त पुढे. मी कुणाला काही न बोलता... नाही, खोटं कशाला लिहू. आधी अप्पांना विचारलं. मी चालून बघू का? त्यांनी नुसता हात हलवला.

खांबाला टाच लावली आणि माझ्या पायांनी अकरा मोजली. खड्डा ओलांडून पलीकडे गेले, अप्पांच्या जागेपासून चांगले दोन हात पुढे. लांबूला म्हटलं, इथे मार.

ठण्ण!

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. शिंपीकाका टेप गळ्यात घेऊनच धावत आले. लांबू हातांनीच माती उकरायला लागला. झाकण निघालं, खाली व्हॉल्व्ह, गंजलेला पण अख्खा. साहेबांनी अप्पांना विचारलं की या खुणा केल्या तेव्हा वय काय होतं. अप्पा म्हणाले, पंचवीस. शिंपीकाकांनी टेप काढून अप्पांना चालायला लावलं आणि त्यांचं एक पाऊल मोजलं, मग माझं. माझं चार बोटं लांब निघालं.

अप्पा उठले. भिंतीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, मग बराच वेळ स्वतःच्या पायांकडे. आणि हसायला लागले. म्हणाले, साहेब, डोकं शाबूत आहे. विसरले ते पाय!

कागदावरून विसरण्याचं वाक्य गेलं. आईने तो अहवाल काल एका बैठकीत टाईप केला, फीत आपोआप सुटली. नकाशाबद्दल अप्पांना लेखी समज मिळाली. मला कामावरून कमी केलं, आठवडाभर आधी, यादीबाहेर काम केल्याबद्दल. दाखला मिळणार नाही. मी अप्पांना विचारलं, म्हणजे खुणा असत्या तरी अकरा पावलं चुकलीच असती ना? वाटलं, ते हो म्हणतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, चुकली असती. पण भिंतीवर अकरा दिसले असते तर मी आकड्यावर संशय घेतला नसता, तिथूनच पुढे खणत गेलो असतो. तुझा वाटा तुझ्याकडेच ठेव. ठेवला आहे.

त्यांनी लांबूकडून निरोप पाठवलाय, उद्या आठला, वही आणि मोजपट्टी घेऊन. जाकीट परत केलं, तरी हरकत नाही म्हणे. त्रेचाळीस जागा मोजायच्या आहेत, मीटरमध्ये. महिनाभरात व्हायला हवं, मग ते निवृत्त.

लोभ असू दे. मी तपासून घेतलेला नाही, पण शाबूत असावा.

तुझी,
भिंगरी

ता. क. हे अप्पांनी सांगून लिहून घेतलं आहे, मी एक शब्द बदललेला नाही: "आपणांस नमस्कार. मुलगी कामाची आहे. पुसण्याआधी कुणाचं आहे ते विचारावं, एवढं तिला शिकवणं राहिलं होतं, ते आता झालं. आपण इथे येऊन भाषण करणार असं समजलं. कृपया येऊ नये. पाणीपुरवठा नुकताच सुरळीत झाला आहे."

५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अप्पांचा निरोप मिळाला. असं सडेतोड खंडन माझं आजवर कुणी केलं नव्हतं. त्यांना सांग की वक्ता नाही येत, पण पाहुणा म्हणून मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला आलो तर चालेल का, ते विचारून कळव. विचारूनच येईन.

परवा वाचनालयात पुन्हा सभा होती. मी मागचं भाषण परत घेतलं. सांगितलं की त्या भिंतीवर अडाण्यांचं काही नव्हतं, अडाणी मी होतो. मग आपलं ते वाक्य दुरुस्त करून म्हटलं, आधी विचारतो आणि मग करतो तो नागरिक. एकही टाळी पडली नाही. पोस्टमास्तरांनी जांभई दिली. वाक्य खरं असावं.

सभेनंतर एक उद्योग केला. घरापासून वाचनालय चारशे बारा पावलं, हे मी तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलो आहे. परत येताना मोजली. चारशे एकसष्ट भरली. विश्वास बसेना म्हणून भर उन्हात परत गेलो आणि परत आलो. चारशे त्रेसष्ट. आणि मी गेली दोन वर्षं पालिकेला पत्रं पाठवतो आहे की रस्ता वळवून लांब केला आहे!

मग दाराशी पायरीवर बसलो, तुझ्या अप्पांसारखा. हसू आलं, पण त्याला जरा वेळ लागला.

त्रेचाळीस पुरे झाले की सुट्टीचा शेवटचा आठवडा इकडे काढ. येताना मोजपट्टी आण. आणि लोभाचं विचारशील तर तोही मीटरमध्येच मोजून घे; पावलांचा भरवसा उरला नाही.

तुझा,
मामा